टाकीतले तीर्थ

पेट्रोल आणि पाणी एका भांड्यात ओतले, तर पाणी तळाशी बसते आणि पेट्रोल त्याच्यावर राहते. कुंभकोणमच्या बाजारात दिव्याचे तेल विकणारालाही ही गोष्ट कळते. माझ्या काकांना ती कळत नव्हती, आणि कोणी समजावून सांगायला गेला असता, तर त्यांनी आधी त्याची जात विचारली असती.

मी त्यांच्याच घरी वाढलो. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात, नदीपासून शंभर पावलांवर. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकून होते. पुढे राज्य खालसा झाले, दरबार उठला, पण आमच्या घराची दरबारी पाठ तशीच राहिली. वाकायला समोर कोणीतरी हवे असे. राजा होता तेव्हा राजा, तो गेल्यावर गोरा साहेब. पाठीला त्यात फारसा फरक वाटला नाही. काकांची तीन गावांत भातशेती होती, कानांत हिऱ्याच्या कुड्या होत्या आणि मनात एकच इच्छा होती. आपल्या नावामागे सरकारने 'रावसाहेब' लावावे.

माझे मामा पुण्यास असत. ते मला नकाशांच्या गुंडाळीत लपवून पत्रके पाठवीत. आठ-आठ पानांची, हलक्या कागदावर छापलेली, शाई बोटांना लागणारी. छापील मराठी मी त्यांच्यावरच शिकलो. आमच्या घरची मराठी फार जुनी. आम्ही अजून 'विचारीत' नाही, 'पुसतो'. आणि उंबरा ओलांडला की तीही सोडून तमिळ बोलू लागतो. सतराव्या वर्षी मला त्या पत्रकांतले परिच्छेद तोंडपाठ होते. गुलामगिरी, ढोंग, भित्रेपणा या तिन्हींवर मी तासभर बोलू शकत असे. मात्र बोलत असे कॉलेजच्या मागच्या आंब्याखाली, चार मित्रांपुढे. घरी येऊन काकांच्या पंक्तीला निमूट जेवत असे.

काकांनी मोटार घेतली ती विलायतेला परत जाणाऱ्या एका गोऱ्या मळेवाल्याकडून. मोटारीबरोबरच त्यांना ड्रायव्हर मिळाला. तिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा तमिळ माणूस. मद्रासच्या एका कारखान्यात आठ वर्षे इंजिने उघडून-जोडून तो शिकला होता. इंजिनाचा आवाज ऐकताना तो मान थोडी तिरपी करून उभा राही, वैद्य नाडी पाहतो तसा. तो काकांना 'रायरे' म्हणे, कारण इकडे आम्हा मराठी ब्राह्मणांना सगळे रायर म्हणतात. मला तो 'तंबी' म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. काकांना ते आवडत नसे. मला आवडे, आणि त्याबद्दल मी स्वतःला फार पुढारलेला समजत असे.

मोटार आली आणि काकांपुढे धर्मसंकट उभे राहिले. पदवी का मिळत नाही, याचे कारण एका ज्योतिष्याने त्यांना सांगितले होते. राहू आडवा आहे. म्हणून ते दर रविवारी तिरुनागेश्वरम्‌ला राहूवर दुधाचा अभिषेक करायला जात. जाताना स्नान करून, रेशमी सोवळे नेसून जायचे, आणि देवळात पोचेपर्यंत सोवळे मोडता कामा नये. बैलगाडीत हे जमत असे. मोटारीत कसे जमावे? बैठक कातड्याची. चालवणारा परजातीचा. बैठकीवर लोकरीची धाबळी अंथरून पहिली अडचण सुटली, कारण लोकरीला विटाळ नाही. पुढच्या आणि मागच्या बैठकीमध्ये पडदा टांगून दुसरी सुटली. मग कोणीतरी काकांच्या कानावर घातले की पेट्रोल ब्रह्मदेशातून येते, जहाजातून, समुद्र ओलांडून.

काका दोन दिवस अस्वस्थ होते. साहेबाच्या हातात हात देताना त्यांना समुद्र आठवत नसे, घरी येऊन आंघोळ केली की झाले. पण पेट्रोलला आंघोळ कशी घालणार? आमच्या उपाध्यायांनी तोडगा सांगितला. दर रविवारी निघण्यापूर्वी टाकीत कावेरीचे तीर्थ घालावे, तुळशीपत्रासह, पाच पळ्या. म्हणजे आतले सगळे शुद्ध.

हे मी स्वतः पाहिले. पहाटे मी नदीवरून आलो तेव्हा काका मोटारीच्या मागे वाकले होते. ओला पंचा, हातात तांब्या आणि पळी. टाकीचे झाकण त्यांनी उपरण्याच्या टोकाने धरून फिरवले आणि ओठ हलवत पळीपळीने पाणी आत सोडले. माझी चाहूल लागली तसे वळले.

"काय पाहतोस?"

"काही नाही."

"ड्रायव्हरास हे सांगू नको. त्याच्या कानी मंत्र पडता कामा नये."

मी नाही सांगितले. कॉलेजात मात्र सांगितले, आंब्याखाली. काकांचे ओठ कसे हलत होते त्याची नक्कल करून दाखवली. मित्र पोट धरून हसले. एकाने म्हटले की हे लिहून काढ, झकास पत्रक होईल. मोटारीत पाणी गेले तर काय होते हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत मला पहिला वर्ग होता.

खरे तर टाकीत पाणी जाऊ नये याची काळजी ड्रायव्हर घेत असे. पेट्रोल दोन-दोन गॅलनच्या डब्यांतून येई आणि पावसाळी दिवसांत डब्यांतही पाण्याचे थेंब सापडत. ड्रायव्हरजवळ हरणाच्या कातड्याचा मऊ तुकडा होता, मद्रासहून आणलेला. नरसाळ्यात ते कातडे घालून त्यातून तो पेट्रोल गाळीत असे. पेट्रोल आरपार जाई, पाणी कातड्यावर अडून राही. एकदा त्याने मला ते थेंब दाखवले, कातड्यावर पाऱ्यासारखे गडगडणारे.

काकांनी ते कातडे पाहिले आणि ओरडले. म्हणाले, "चांभाराचे काम माझ्या दारात? सोवळ्याच्या मोटारीत कातड्यातून गाळलेले तेल?"

"रायरे, कापडातून पाणी जाते. कातड्यातून जात नाही."

"मग रेशमातून गाळ. रेशमास दोष नाही."

"रेशमातूनही जाते."

"तुज कोणी पुसले?" हे काकांनी मराठीत म्हटले. फार राग आला की ते तमिळ विसरत.

ड्रायव्हरला शब्द कळला नाही, अर्थ कळला. त्याने कातडे घडी करून खिशात ठेवले. काकूच्या जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडा नरसाळ्यात आला. ज्या बैठकीच्या कातड्यावर धाबळी टाकून काका बसत होते, तिच्याकडे त्यांनी त्या दिवशी एकदाही पाहिले नाही.

तीन महिने असे चालले. वरचे पेट्रोल जळत होते, नवे पडत होते, आणि तळाशी कावेरी साठत होती. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या मागच्या बाजूला, तळापासून बोटभर वर असते. तिथवर पाणी चढले नाही तोवर मोटार धावली. मोटार धावते म्हणून काकांची खात्री झाली की तीर्थ चांगले लागू पडले आहे.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक गोरा अधिकारी यायचा होता. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाजवळ पुराने फुटलेला बांध पाहायला. काकांची शेती तिथेच. काकांनी अर्ज-विनंत्या करून मोटारीचा मान आपल्याकडे घेतला. कुंभकोणम स्टेशनपासून बांधापर्यंत साहेब आमच्या मोटारीतून जाणार. बांधावर मांडव, हार, नादस्वर आणि इंग्रजीत मानपत्र. ते मानपत्र मी लिहिले. तुमच्या पायधुळीने आमचे शिवार पावन झाले, असे एक वाक्य त्यात होते. काकांनी ते घालायला सांगितले आणि मी घातले. व्याकरणाची एकही चूक नव्हती. पत्रकांतला एकही शब्द त्या दोन दिवसांत मला आठवला नाही.

साहेब सकाळच्या गाडीने उतरला. मागे साहेब आणि काका, पुढे ड्रायव्हर आणि मी, माझ्या मांडीवर हारांची परडी. त्या दिवशी पडदा काढला होता. धाबळीही काढली होती, कारण साहेबाला ती टोचली असती. समुद्र ओलांडून आलेला माणूस काकांच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि काका हसत होते.

गाव सुटले. दोन मैलांवर एका कालव्याचा पूल आहे, त्याला चढ आहे. चढ लागला तशी मोटार खोकली. एकदा, दोनदा. मग पुढच्या बाजूने फट्ट असा आवाज झाला आणि सगळे शांत झाले. चढावर टाकीतले पाणी मागे सरून नळीच्या तोंडाशी आले होते.

ड्रायव्हर खाली उतरला, हँडल फिरवले. काही नाही. मग त्याने बॉनेट उघडून कार्ब्युरेटरची खालची वाटी काढली, तळहातावर उपडी केली आणि तसाच उभा राहिला. मी जवळ गेलो. त्याच्या तळव्यावर पाण्याचे टपोरे थेंब होते.

"पाणी," तो मला हळू म्हणाला. "तंबी, हे डब्यातले नाही. इतके पाणी डब्यातून येत नाही. कुठून आले?"

मला ठाऊक होते. मी म्हणालो, "कोण जाणे."

त्याने वाटी पुसली, नळीत फुंकर मारली, हँडल फिरवले. मोटार सुरू झाली, वीस हात गेली, थांबली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. तोवर शेतांतली माणसे पुलावर जमली होती, वीस-पंचवीस तरी. साहेबाने दोनदा घड्याळ पाहिले. मग तो उतरला आणि मागून येणाऱ्या पेंढ्याच्या बैलगाडीला हात केला. गाडीवान भांबावून थांबला. साहेब पेंढ्यावर चढून बसला, टोपी सारखी केली आणि काकांना चांगल्या शब्दांत म्हणाला, "आपण मागाहून या."

काका त्या गाडीमागे धावले. जरीची पगडी, किनखापी अंगरखा, हातात साहेबाची विसरलेली छत्री. बैल काही फार वेगाने जात नव्हते, तरी काकांना ते गाठता येईनात. पुलावरची माणसे हसली. ते हसू काकांच्या पाठीवर पडले आणि ते उलटे फिरले. परत आले ते थेट ड्रायव्हरपुढे.

"पेट्रोल विकतोस आणि टाकीत पाणी भरतोस! चोर!" हे तमिळमध्ये होते, सगळ्यांना समजावे म्हणून.

"रायरे, तो शब्द मागे घ्या."

"चोरास चोर नाही तर काय म्हणू? उद्या सकाळी इन्स्पेक्टराच्या ताब्यात देतो तुला."

"द्या. पण त्याआधी टाकी चार माणसांसमोर रिकामी करा. आत काय आहे ते सगळ्यांना दिसू दे."

"करीन. तुझी अब्रू सगळ्यांस दिसेल."

ड्रायव्हरचे तोंड पांढरे पडले होते. आमच्या गावात तेव्हा सगळ्या मिळून सात-आठ मोटारी असतील. डॉक्टरांची, वकिलांची, एका कापडवाल्याची. सगळे मालक एकमेकांकडे जेवायला जाणारे. एकाने चोर म्हटले की बाकीच्यांची दारे बंद. मोटारीवाचून त्याला दुसरे काही येत नव्हते, आणि जे येत होते ते सबंध तालुक्यात इतके चांगले दुसऱ्या कोणाला येत नव्हते. हे सगळे मी तिथे उभा राहून मनात मांडले. हारांची परडी माझ्या हातात होती. तोंड उघडायला अर्धा श्वास पुरला असता.

बैल जुंपून मोटार घरी ओढत आणली. दुपारी अंगणात काका खुर्चीवर बसले. शेजारचे दोघे-तिघे बोलावले होते. ओसरीवर उपाध्याय होते, आणि माजघराच्या दारात काकू. ड्रायव्हरने काकूकडे काचेची बरणी मागितली. काकूने लोणच्याची एक रिकामी बरणी स्वच्छ धुऊन, पुसून दिली.

"पेट्रोलास माझी बरणी?" काका म्हणाले.

"पुन्हा घेणार नाही मी ती आत," काकू म्हणाली. "पण पाहू तर द्या काय आहे ते."

ड्रायव्हर मोटारीखाली निजला आणि टाकीच्या तळाचा स्क्रू काढला. बरणीत आधी पाणी आले. पेट्रोल नव्हे, निव्वळ पाणी, गढूळ, गंजाने तांबूस झालेले. बरणी जवळजवळ अर्धी भरली तेव्हा पेट्रोलाची धार सुरू झाली. त्याने बरणी उचलून ओट्यावर उन्हात ठेवली. मिनिटभरात दोन थर वेगळे झाले. आणि खालच्या थरात काळपट, कुजलेली पाने सावकाश खाली येत होती. लहान लहान, देठांसह.

मग काकू बोलली. "अगबाई, ही तर आपल्या वृंदावनातली तुळस."

ड्रायव्हरला मराठी कळत नव्हती, तुळस कळत होती. त्याने बोट बुडवून एक पान वर काढले, तळहातावर पसरले आणि काकांपुढे धरले.

"रायरे, चोर टाकीत पाणी घालील. तुळस घालील का?"

त्या पानांनी सांगितले. मी नाही सांगितले. दोन वेळा मला संधी मिळाली होती, पुलावर आणि अंगणात, आणि दोन्ही वेळा मी गप्प राहिलो. आता मात्र मला एकदम धीर आला. "काका दर रविवारी पाच पळ्या घालतात," मी मोठ्याने म्हणालो. सगळे दिसून चुकल्यावर खरे बोलणे फार सोपे असते.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. "तंबी, तुम्हाला माहीत होते?"

उपाध्याय वहाणा शोधू लागले होते. काकांनी त्यांच्याकडे पाहिले, बरणीकडे पाहिले, आणि मग जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही.

"तीर्थाने काही बंद पडत नाही. बंद पडली याचा अर्थ मोटारीतच दोष. म्लेंच्छाने वापरलेली मोटार."

"मग मोटारीस प्रायश्चित्त द्या," काकू म्हणाली. "पंचगव्य घाला टाकीत. एवढेच राहिले आहे."

"तू आत जा."

"जाते. बरणी तुमच्या पूजेत ठेवा आता. तीर्थच आहे." आणि ती आत गेली.

काका ड्रायव्हरकडे वळले. आवाज एकदम मऊ केला, नैवेद्य दाखवताना करतात तसा. "बरे. मी इन्स्पेक्टरास कळवीत नाही. झाले ते झाले. तुला क्षमा केली. उद्यापासून ये."

क्षमा! ज्याने काही केले नाही त्याला! ज्यांनी सगळे केले त्यांनी!

"रायरे," ड्रायव्हर म्हणाला, "पुलावर पंचवीस माणसांनी ऐकले. तिथे चला. तिथे सांगा की हा चोर नाही."

"मी? शेतमजुरांपुढे?"

"त्यांच्याच पुढे म्हणालात ना?"

काका उठून आत गेले. ड्रायव्हरने हँडल पुसून मोटारीच्या पायरीवर ठेवले, टाकीचा स्क्रू घट्ट बसवला, कारण उघडा ठेवून जाणे त्याला जमले नसते, आणि फाटकातून बाहेर पडला.

पुढे तेच झाले जे व्हायचे होते. पुलावरचा शब्द बाजारात पोचला. तुळशीची गोष्ट मात्र अंगणातच राहिली, कारण ड्रायव्हरखेरीज ती जाणणारे सगळे काकांच्या पंक्तीचे होते. डॉक्टरांनी त्याला नको म्हटले. वकिलांनी नको म्हटले. कापडवाल्याने तर दारातूनच हात हलवला. पंधरा दिवसांनी तो मला तलावाच्या पायऱ्यांवर दिसला, सकाळच्या वेळी, काही न करता बसलेला. ज्या माणसाला मी कधी रिकाम्या हाताने पाहिले नव्हते त्याचे हात मांडीवर पडले होते. तो माझ्याशी बोलला नाही.

घरी येऊन मी एक पत्रक लिहिले. तमिळमध्ये, सगळे जसेच्या तसे. ओठ कसे हलत होते तेसुद्धा. ते काकांच्या पुढे ठेवले आणि म्हणालो, "शुक्रवारी हे छापखान्यात जाईल. नाही तर तुम्ही ड्रायव्हरास पत्र लिहून द्या, की तो निर्दोष आहे."

काकांनी पत्रक दोनदा वाचले. त्यांना लाज वाटली असे मला एका क्षणासाठी वाटले. मग ते म्हणाले, "साहेबाच्या हाती पडले तर?" एवढीच भीती होती. ड्रायव्हर नव्हता तिच्यात, पुलावरचा तो शब्द नव्हता. रावसाहेबी होती.

पत्र मी इंग्रजीत लिहिले. वाहनाच्या टाकीत सापडलेले पाणी वाहनमालकाने धार्मिक विधीत घातलेले होते, असे एक वाक्य होते. काकांनी ते खोडले. मी भांडलो, त्यांनी लेखणी खाली ठेवली. शेवटी राहिले ते एवढेच, की या माणसाने चोरी केलेली नाही. खाली त्यांनी वळणदार सही केली आणि मला देवापुढे उभे केले.

"शपथ घे. तमिळीत छापणार नाहीस. इंग्रजीत छापणार नाहीस."

मी घेतली. मराठी त्यांच्या मनातही आली नाही. त्यांच्या लेखी मराठी म्हणजे ताक मागायची आणि सुनेला रागवायची भाषा. तीत छापखाने चालतात, तीत कोणी वाचतो, याची त्यांना कल्पना नाही. म्हणून मी शपथ मोडलेली नाही.

पत्र घेऊन मी धावतच ड्रायव्हरच्या घरी गेलो. आपण न्याय खिशात घेऊन निघालो आहोत असे मला वाटत होते. त्याने ते घेतले, वाचून दाखवायला सांगितले, घडी करून ठेवले. "बरं," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मला पाहिजे होते ते काही उमटले नाही. त्याबद्दल मी मनात थोडा नाराजही झालो, हे लिहायला हवे.

महिन्याभराने तो मला बाजारात भेटला. या वेळी तो स्वतः थांबला. अंगात खाकी सदरा, नखांत काळे तेल.

"काम मिळाले?" मी विचारले.

"मिळाले. बसवर. मन्नारगुडीच्या वाटेवर एक नवी बस सुरू झाली आहे."

"पत्र उपयोगी पडले तर!"

त्याने माझ्याकडे तसेच पाहिले, अंगणात पाहिले होते तसे. मग हसला, पण ते हसू माझ्यासाठी नव्हते.

"तंबी, तुमचे पत्र घेऊन मी आधी एका तांदूळगिरणीवाल्याकडे गेलो. त्याची लॉरी आहे. परगावचा माणूस. माझ्याबद्दल काही ऐकलेले नव्हते त्याने. मी पत्र पुढे केले. त्याला इंग्रजी येत नव्हते. म्हणाला, काय लिहिले आहे? मी सांगितले, मी चोर नाही असे लिहिले आहे. तो म्हणाला, मग चोर आहेस असे कोण म्हणाले?"

तो पुढे सांगत राहिला.

"मी खरे ते सांगितले, पुलावरचे. तो म्हणाला, बाबा रे, ज्याला चोर नसल्याचा कागद लागतो त्याला मी लॉरी कशी देऊ? आणि बरोबर बोलला. मी तरी दिली असती का?"

"मग बसवर..."

"बसवाल्याला दाखवलेच नाही. त्याची बस रस्त्यात बंद पडली होती, मी चालत चाललो होतो. उघडली, सुरू करून दिली. नळीत पाणी होते. यात तुळस नव्हती, पावसाचे होते."

मी म्हणालो, "ते पत्र परत दे, मी सुधारून आणतो. या वेळी ते वाक्य घालायलाच लावीन. नाही तर मी वर्तमानपत्राला कळवतो, तुझे नाव घालून, सगळे..."

"तंबी." त्याने हात वर केला. "पुलावर मी तुम्हाला विचारले होते, पाणी कुठून आले. तेव्हा सांगायचे होते. एक शब्द. कागद लागला नसता." मग त्याने खिशातून ते कातडे काढले, हात पुसले. "आता माझ्याबद्दल कुठे काही लिहू नका. माझे नाव घालू नका. चांगले लिहाल तरी नको."

बसचा भोंगा वाजला. तो गेला.

म्हणून या लिखाणात त्याचे नाव नाही. काकांचेही नाही, पण ते मी त्यांच्यावर उपकार म्हणून गाळलेले नाही. ज्याचे नाव अब्रूने घ्यावे असा एकच माणूस या गोष्टीत होता, आणि त्याने मला मनाई केली आहे.